पेटीचा वैरी आणि इतर मंडळी

परभणीत मे महिन्यात स्ट्रिंग क्वार्टेट ऐकता येत नाही. पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला की लोखंडी कूलर दिवसरात्र चालू राहतो, आणि एकदा त्याची घरघर सुरू झाली की दोन व्हायोलिनं, एक व्हियोला आणि एक चेलो यांचं आपसात जे काही चाललेलं असतं त्यातलं निम्मं वाया जातं. उरतो तो चेलो, तोही अधूनमधून. त्यामुळे माझं ऐकणं ऋतूंवर बेतलेलं आहे. उन्हाळ्यात मोठ्या वाद्यवृंदाच्या सिम्फन्या, त्यातही पितळी वाद्यांची रेलचेल असलेल्या. स्वीडनच्या अ‍ॅलन पेटरसनची सातवी सिम्फनी कूलरला पुरून उरते. फक्त तिच्या शेवटाकडचा लांबलचक हळू भाग कूलर गिळतो. पावसाळ्यात, पत्र्यावर सर कोसळत नसेल तेव्हा, पियानो. आणि क्वार्टेट दिवाळीनंतर, घरातले पंखेही बंद झाल्यावर.

पेटरसनचं नाव आधी ऐकलेलं नसेल तर बिघडत नाही. मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे त्यांतली बहुतेक मंडळी अशीच आहेत. युरोपातल्या जाणकारांनाही त्यांची नावं चटकन आठवत नाहीत. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. पाश्चात्त्य संगीताचं माझं शिक्षण शून्य आहे, स्वरलिपी वाचता येत नाही, आणि खरा ऑर्केस्ट्रा समोर बसून ऐकायचा योग अजून आलेला नाही. मराठवाड्यात तो यायचा कुठून? आठही जिल्ह्यांत मिळून एक सिम्फनी ऑर्केस्ट्रा नाही, आणि नाही याची खंत करणारं माणूसही मला फारसं भेटलेलं नाही.

पण याचा एक फायदा झाला. ज्या शहरात संगीताची सभागृहं असतात तिथे माणसाला लहानपणापासून क्रम कळतो. आधी मोझार्ट, मग बेथोव्हन, मग ब्राम्स, आणि वेळ उरलाच तर बाकीचे. मला तसं सांगणारं कुणी नव्हतं. नात्यातल्या एकांनी पुण्यातलं घर रिकामं करताना सीडींचं एक खोकं आमच्याकडे पाठवून दिलं, एवढीच माझी सुरुवात. खोक्यात बेथोव्हन नव्हता. बहुधा तो त्यांनी स्वतःजवळ ठेवून घेतला असावा. होते ते योआखिम राफ, लुइझ फारांक, जॉर्ज ऑन्सलो. त्यामुळे मी पहिल्यांदा मन लावून ऐकलेली सिम्फनी म्हणजे राफची तिसरी, ‘अरण्यात’ या अर्थाच्या नावाची, १८६९ची. वाजवणारा वाद्यवृंद स्लोवाकियातल्या कोशित्से गावचा. दुपारचं रान, संध्याकाळ, मग रात्रीची भुतावळ, आणि शेवटी पहाट. जिंतूरकडच्या सागवानी रानाशी त्याचा काही संबंध नाही, पण मला दिसलं तेच रान.

राफ दुय्यम दर्जाचा मानला जातो, हे मला तो आवडून गेल्यावर कळलं. तोवर उशीर झाला होता. अठराशे सत्तरच्या दशकात जर्मनीत सर्वाधिक वाजवल्या जाणाऱ्या जिवंत संगीतकारांमध्ये त्याची गणना होई. १८८२ मध्ये तो वारला आणि पंचवीस-तीस वर्षांत त्याचं नाव कार्यक्रमपत्रिकांतून जवळजवळ नाहीसं झालं. माझ्या कानांना या घसरणीची काहीच वार्ता नव्हती. परभणीत राफ आणि बेथोव्हन एकाच रांगेत बसतात, कारण इथे दोघेही सारखेच अनोळखी. या गोष्टीचा मला आजही आनंद वाटतो, आणि हा लेख खरं तर तेवढ्याच साठी आहे.

खोक्यातल्या बऱ्याच तबकड्यांवर ‘मार्को पोलो’ आणि ‘नॅक्सॉस’ ही नावं होती. दोन्ही एकाच माणसाची. क्लाउस हायमान हा जर्मन गृहस्थ हाँगकाँगमध्ये धंदा करत होता. १९८२ मध्ये त्याने मार्को पोलो सुरू केलं, केवळ कुणी न ध्वनिमुद्रित केलेल्या रचनांसाठी. १९८७ मध्ये नॅक्सॉस आलं, स्वस्तातली सीडी विकायला. नावाजलेले कंडक्टर आणि बर्लिन-व्हिएन्नाचे ऑर्केस्ट्रे मोठ्या कंपन्यांनी करारात बांधून ठेवलेले होते. मग हायमान ब्रातिस्लाव्हा, कोशित्से अशा गावांकडे वळला. तिथले वादक तयारीचे होते आणि त्यांचं मानधन पश्चिमेच्या मानाने फारच कमी होतं. बेथोव्हनची पाचवी नव्या माणसाने पुन्हा वाजवली तर ती कारायानसारख्या बड्या कंडक्टरच्या तबकडीशेजारी विकायला ठेवावी लागते. राफची तिसरी वाजवली तर शेजारी कुणीच नसतं. अनोळखी संगीत ध्वनिमुद्रित होण्यामागे कलाप्रेम आहेच, पण हा साधा हिशेबही आहे, आणि तो मला मुळीच कमीपणाचा वाटत नाही.

लंडनच्या टेड पेरीचा हिशेब मात्र उलटा होता. त्याने १९८० मध्ये हायपेरियन काढली तेव्हा कंपनी जगवायला तो टॅक्सी चालवत असे. पहिलं मोठं यश कशाने मिळावं? हिल्डेगार्ड नावाच्या बाराव्या शतकातल्या ख्रिस्ती जोगिणीच्या स्तोत्रांनी. ती तबकडी कुणाच्याही अंदाजापलीकडे खपली आणि तिच्या पैशातून पुढे अनेक न खपणाऱ्या तबकड्या निघाल्या. १९९१ मध्ये हायपेरियनने विस्मृतीत गेलेल्या पियानो कॉन्चेर्तोंची, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनांची, मालिका सुरू केली. तिचे ऐंशीहून अधिक भाग झाले आहेत. त्यातले कितीतरी रचनाकार असे की त्यांच्या स्वतःच्या गावीही त्यांच्या नावाचा रस्ता नसेल.

तिसरी वाट जर्मनीतल्या ओस्नाब्रुकच्या सीपीओ या कंपनीची. जर्मनीत प्रांतोप्रांतीच्या सार्वजनिक रेडिओचे स्वतःचे पगारी वाद्यवृंद आहेत. त्यांना वर्षभर काहीतरी वाजवून प्रसारित करायचंच असतं. सीपीओ त्यांच्याबरोबर भागीदारीत ध्वनिमुद्रण करते: सभागृह रेडिओचं, वादक रेडिओचे, आणि रचना अशी की जी रेडिओच्या ग्रंथालयातही नाही. लुइझ फारांकच्या तिन्ही सिम्फन्या मी ऐकल्या त्या हॅनोव्हरच्या रेडिओ ऑर्केस्ट्राने वाजवलेल्या.

फारांकबाईंविषयी थोडं थांबून लिहायला हवं. पॅरिसच्या कॉन्झर्व्हतवार या संगीत विद्यालयात त्या १८४२ पासून तीस वर्षं पियानो शिकवत होत्या. बरोबरीच्या पुरुष प्राध्यापकांपेक्षा पगार कमी. त्यांचं नऊ वाद्यांसाठीचं ‘नोनेट’ १८५० मध्ये वाजलं, त्यात व्हायोलिन वाजवायला तरुण योझेफ योआखिम होता, आणि त्या यशानंतर त्यांनी समान पगार मागून घेतला. मास्तरणीचा पगार संगीताच्या जोरावर वाढलेला मला दुसरा ठाऊक नाही. नोनेटमध्ये पाच फुंकवाद्यं आणि चार तंतुवाद्यं आहेत, आणि कुणालाही नुसतं मागे बसवलेलं नाही. बासूनसुद्धा मधूनच पुढे येऊन दोन शब्द बोलून जातो. सिम्फन्यांमध्ये मला तिसरी अधिक आवडते. पहिली जरा बेतशीर वाटते.

त्या नोनेटमधलं क्लॅरिनेट ऐकताना माझ्या कानांनी एक गंमत केली. हे वाद्य मला आधीपासून ओळखीचं होतं. आमच्याकडच्या लग्नाच्या बँडमध्ये तेच तर पुढे असतं! क्लारनेट म्हणतात त्याला. लाल डगलेवाले मास्तर वरातीपुढे चालत चालत सिनेमाचं गाणं त्यातून असं काढतात की मूळ गायिकेने कान द्यावा. त्यामागे ट्रम्पेट, युफोनियम, मोठा ढोल. मराठवाड्यातल्या कुठल्याही पोराने शाळेत जायच्या वयाआधी हा सगळा पितळी संसार ऐकलेला असतो. म्हणजे ऑर्केस्ट्रा अगदीच परका नव्हता, त्यातली निम्मी वाद्यं गंगाखेडच्या रस्त्यावर भेटून गेली होती.

म्हणून सॅम्युएल कोलरिज-टेलरचं क्लॅरिनेट क्विंटेट, म्हणजे एक क्लॅरिनेट आणि चार तंतुवाद्यं, मी वरातीच्या कानांनी ऐकलं आणि ते फार जवळचं वाटलं. वडील सिएरा लिओनचे डॉक्टर, आई इंग्रज, जन्म १८७५चा. लंडनच्या रॉयल कॉलेजात त्याचे गुरू स्टॅनफर्ड वर्गात म्हणाले की ब्राम्सच्या क्विंटेटनंतर आता कुणालाही त्याच्या प्रभावाबाहेर राहून क्लॅरिनेट क्विंटेट लिहिता येणार नाही. वीस वर्षांच्या या पोराने १८९५ मध्ये लिहून दाखवलं. तंतुवाद्यांच्या तालाला एक तिरकस उचक आहे, ब्राम्सच्या खिन्नतेचा मागमूस नाही. पुढे त्याची ‘हायवॉथा’वरची कोरसगीतं इंग्लंडभर गाजली, पण त्यांतलं पहिलं त्याने प्रकाशकाला पंधरा गिनींना कायमचं विकून टाकलं होतं. १९१२ मध्ये, सदतिसाव्या वर्षी न्यूमोनियाने गेला. त्याचं क्विंटेट मी नॅश अंसांब्ल या वादकसंचाच्या हायपेरियनवरच्या ध्वनिमुद्रणात ऐकते. वाजवणाऱ्यांनी ते कुठेही दयेपोटी वाजवलेलं नाही, हे त्यातलं विशेष. विस्मृत रचनाकार वाजवताना वादकांचा सूर पुष्कळदा समाजकार्याचा होतो, आणि तो लगेच ऐकू येतो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी हिंदुस्थानी संगीत ऐकत वाढलेल्या माणसाच्या सहज लक्षात येत नाही. आपल्याकडे मारवा कुणी गायला नाही तर तो विस्मरणात जाईल, पण तो आधी कुणाच्या तरी गळ्यात असतोच. सिम्फनी कागदावर असते. कागदावर असणं म्हणजे ऐकू न येणं. ती ऐकू यायची तर आधी हस्तलिखित शोधायचं, मग प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा उतरवायचा, रचनाकाराच्या घाईत झालेल्या चुका निस्तरायच्या, साठ-सत्तर माणसांना एका जागी आणायचं, आणि दोन-तीन दिवसांत संपवायचं, कारण चौथ्या दिवसाचे पैसे नसतात. बेथोव्हनच्या सिम्फनीची तबकडी ही शेकडो वादनांतली एक असते. कुण्या अज्ञात रचनाकाराची तबकडी म्हणजे पुष्कळदा ती रचनाच. दुसरं वादन नसतं. कंडक्टरने एखादी जागा घाईत उरकली तर ती रचना पुढची पन्नास वर्षं घाईतलीच राहते.

हॅव्हरगल ब्रायनची हकिगत या बाबतीत सगळ्यांत वरची. इंग्लंडच्या कुंभारवाड्यांच्या पट्ट्यात १८७६ साली जन्मलेला कामगाराचा मुलगा. शाळा बाराव्या वर्षी सुटली. सुरुवातीला थोडं नाव झालं, मग ते पुसलं गेलं. त्याने ‘गॉथिक’ सिम्फनी लिहायला १९१९ मध्ये घेतली आणि १९२७ मध्ये संपवली. पावणेदोन तासांची रचना, दोन मोठे कोरस, चार वेगळे पितळी बँड, आणि कुणीही वाजवायला तयार नाही. पहिल्यांदा ती वाजली १९६१ मध्ये, तीही बहुतांश हौशी मंडळींकडून. ब्रायन तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात होता. आणि हा गृहस्थ त्या वयात स्वस्थ बसलेला नव्हता. त्याच्या बत्तीस सिम्फन्यांपैकी एकवीस त्याने वयाच्या ऐंशीनंतर लिहिल्या, शोरहॅमच्या समुद्रकाठच्या एका सरकारी घरात, कुणी वाजवील अशी फारशी आशा न धरता.

त्याच्या सिम्फनीची पहिली व्यावसायिक तबकडी कुणी केली? १९७२ मध्ये लेस्टरशायरच्या शाळकरी मुलांच्या वाद्यवृंदाने. दहावी आणि एकविसावी. ती तबकडी मी ऐकली आहे. मुलांची व्हायोलिनं वरच्या सुरांत जरा चिरतात, पितळी वाद्यं एक-दोन ठिकाणी धापा टाकतात. तरीही मला ते वादन नंतरच्या सफाईदार वादनांपेक्षा अधिक पटतं, कारण त्या पोरांना ही रचना अवघड आहे असं बहुधा कुणी सांगितलेलंच नव्हतं. अकरावीच्या वर्गात शिकवणाऱ्या बाईला हे बरोबर कळतं. ब्रायन त्याच वर्षी नोव्हेंबरात वारला. गॉथिकचं व्यावसायिक ध्वनिमुद्रण व्हायला १९८९चं वर्ष उजाडावं लागलं. ते केलं हायमानच्या मार्को पोलोने, ब्रातिस्लाव्हात.

आता गॉथिक चांगली आहे का? माझं मत: पहिला भाग चांगला, मधे विलक्षण काही जागा, आणि कोरसचा निम्मा भाग डोंगर चढून गेल्यावर पुन्हा दुसरा डोंगर. उन्हाळ्यात ऐकावी, कूलर चालू असताना. नुकसान होत नाही.

हेही लिहायला हवं, कारण विस्मृत संगीताच्या चाहत्यांत प्रत्येक सापडलेल्या कागदाला रत्न म्हणण्याची खोड असते. मला ती सोसत नाही. या पंगतीत पुष्कळ पिठलं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी सिम्फन्यांत दुसरी सुरावट ठरल्या वेळी ठरल्या जागी येते, चेलोंवर येते, आणि आली तशी जाते. शेवटच्या भागात सगळे मिळून उगाच आनंदी होतात. पण या मध्यम प्रतीच्या रचना ऐकूनच मला त्या काळची बोली कळली. सगळेजण कुठे वळत असत ते कळल्यावर मग बेथोव्हन कुठे वळला नाही ते ऐकू आलं. तो माझ्याकडे असा सर्वांत शेवटी आला, आणि आला तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसले. ज्यांना तो आधी मिळतो त्यांना हा धक्का मिळत असेल की नाही, कोण जाणे.

आमच्या घरात या सगळ्याला विरोध असा कधी झाला नाही. अप्पा, म्हणजे माझे वडील, भजनी मंडळात पेटी वाजवतात. जनाबाई, नामदेव, एकनाथ ही त्यांची नेहमीची माणसं. सुरुवातीला ते दारातून डोकावून एवढंच विचारत, “काय ऐकायलीस गं बाई, इतकं सगळं एकाच वेळी?” एकाच वेळी सगळे वाजवतात आणि तरी गोंधळ होत नाही, याचं त्यांना आश्चर्य होतं. हळूहळू ते बसायला लागले. त्यांना कंटाळा आला की ते बोटांनी खुर्चीच्या हातावर पेटी वाजवतात. ती खूण कळून मी पुढची रचना लावते.

त्यांना मी पहिल्यांदा नाव घेऊन सांगितलेला रचनाकार म्हणजे वॉल्टर काउफमान. कारण त्याची एक रचना त्यांनी आयुष्यभर ऐकली होती. आकाशवाणी सुरू होताना, बातम्यांच्या आणि ‘वंदे मातरम्’च्याही आधी, तंबोऱ्यावर व्हायोलिनची जी शिवरंजनीच्या अंगाने जाणारी धून वाजायची, ती काउफमानची म्हणून ओळखली जाते. १९३६ सालातली. परभणी केंद्राची पहाट त्याच धुनीने उजाडायची. काउफमान बोहेमियातल्या कार्ल्सबादचा ज्यू. बायको काफ्काची भाची. नात्झींचं सावट दिसताच १९३४ मध्ये तो मुंबईला आला, तिथे चेंबर म्युझिक सोसायटी काढली, व्हायोलिनवादक मेहली मेहतांसारख्यांना बरोबर घेऊन बैठका केल्या, १९३७ पासून रेडिओच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीताचं काम पाहिलं, सिनेमांना संगीत दिलं. पुढे कॅनडा, मग अमेरिका, तिथे उत्तर हिंदुस्थानी रागांवर जाडजूड ग्रंथ. १९८४ मध्ये वारला. त्याच्या क्वार्टेटांची दखल घ्यायला मात्र २०२० साल यावं लागलं: टोरंटोच्या एआरसी अंसांब्लने शँडॉस कंपनीसाठी त्याची चेंबर रचनांची तबकडी केली. अकराव्या क्वार्टेटमध्ये अशी एक जागा आहे की व्हायोलिन मींड घेत घेत, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जात, अर्ध्यावर थांबतं आणि बाकीचे तिघे युरोपात असतात. अप्पा म्हणाले, “आपलं आहे. पण बुजलंय.” टोरंटोच्या त्या तबकडीचं याहून नेमकं परीक्षण मी वाचलेलं नाही.

आणि मग जॉन फोल्ड्स.

फोल्ड्सचा जन्म मँचेस्टरचा, १८८०चा. पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी त्याने ‘वर्ल्ड रिक्विएम’ लिहिलं. १९२३ ते १९२६ दर शस्त्रसंधीदिनी ते लंडनमध्ये शेकडो गायक-वादकांनिशी सादर झालं, आणि मग एकाएकी बंद झालं. त्याची हलकीफुलकी गाणी लोकांना हवी असत, गंभीर रचना कुणाला नको असत. बायको मॉड मॅकार्थी आयरिश व्हायोलिनवादक. १९०९ मध्येच हिंदुस्थानात येऊन इथलं गाणं शिकून गेलेली. तिच्यामुळे फोल्ड्सच्या डोक्यात राग, दक्षिणेकडचे मेळकर्ते आणि संस्कृत शिरलं. ‘अवतार’ नावाचा संस्कृत ऑपेरा त्याने लिहायला घेतला आणि टाकून दिला. त्यातले तीन वाद्यवृंदाचे तुकडे वाचले, ते म्हणजे ‘थ्री मंत्राज’. लिरिता कंपनीने ते १९९३ मध्ये बॅरी वर्ड्सवर्थच्या संचालनाखाली प्रसिद्ध केले. मधल्या मंत्रात स्त्रियांचा कोरस शब्दांवाचून गातो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वीज जाण्याची वाट न पाहता स्वतःच दिवे बंद केले होते.

१९३५ मध्ये हे जोडपं हिंदुस्थानात आलं. १९३७ पासून फोल्ड्स दिल्लीच्या ऑल इंडिया रेडिओत युरोपीय संगीताचा संचालक. तिथे त्याने हिंदुस्थानी वाद्यं घेऊन, त्यांच्या वादकांना स्वरलिपी शिकवून, एक वाद्यवृंद उभा केला. आणि १९३८ मध्ये त्याने पेटीविरुद्ध लेख लिहिला. पेटीचे सूर बांधलेले, त्यात श्रुती, म्हणजे दोन सुरांमधल्या बारीक छटा, नाहीत, मींड नाही, ती इथल्या गळ्याचा नाश करते, असा एकूण रोख. रेडिओचे प्रमुख लायनेल फील्डन यांचंही हेच मत होतं, रवींद्रनाथ टागोरांनाही पेटीचा तिटकारा होता. मार्च १९४० पासून रेडिओवर पेटी बंद झाली ती १९७१ पर्यंत. फोल्ड्स ते पाहायला नव्हता. कलकत्ता केंद्रावर बदली झाली आणि एप्रिल १९३९ मध्ये पटकीने काही दिवसांत त्याचा अंत झाला.

आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. स्वातंत्र्याच्या वेळी संस्थानांची जी पाच रेडिओ केंद्रं होती त्यांतली हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन निजामाकडची, त्यामुळे दिल्लीच्या फतव्याशी आमचा लगेच संबंध नव्हता. तो नंतर आला. रेडिओवर गायला जायचं तर पेटी घरी ठेवून जावं लागे, हे अप्पांनी तरुणपणी आपल्या गुरुजींकडून ऐकलेलं. कुणामुळे, हे मात्र माहीत नव्हतं.

मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“त्यानं आमच्याकडची पेटी ऐकली नसंल,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, “पण खोटं नाही बोलला. मींड नाही येत पेटीत.”

थंडीचे दिवस होते, म्हणून मी त्यांना क्वार्टेट लावून दिलं. फोल्ड्सच्या ‘क्वार्तेतो जेनियाले’ या शेवटच्या काळातल्या क्वार्टेटचा आता एकच भाग उरला आहे, ‘लेंतो क्विएतो’ नावाचा संथ भाग. बाकीचे गेले. हिंदुस्थानात लिहिलेलं त्याचं बरंचसं संगीत असंच गहाळ आहे. १९७०च्या दशकात माल्कम मॅकडोनाल्ड या समीक्षकाने शोध घेतला तेव्हा फोल्ड्सच्या मुलीच्या गॅरेजमध्ये हस्तलिखितांच्या दोन मोठ्या पेट्या निघाल्या, आतले पुष्कळ कागद उंदीर-मुंग्यांनी खाल्लेले. उरलं त्यातलं बरंच एंडेलियन क्वार्टेट, कंडक्टर सकारी ओरामो आणि बर्मिंगहॅमचा वाद्यवृंद, अशांनी नंतर वाजवलं. ‘लेंतो क्विएतो’ फार लांब नाही. चौघेजण एकेक सूर धरून ठेवतात, एक सोडतो तेव्हा दुसरा पकडतो, आणि सुरांचा एकच पट्टा हलके हलके रंग बदलत राहतो.

अप्पांची बोटं खुर्चीच्या हातावर चालली नाहीत. संपल्यावर म्हणाले, “पेटीला नावं ठेवतो, आणि सूर धरतो मात्र भात्यावानी.”

मी पुन्हा लावलं. खरोखरच! चार तंतुवाद्यं मिळून भाता चालवत होती. त्यानंतर मला तो भाग दुसऱ्या रीतीने ऐकताच आलेला नाही.

फोल्ड्सच्या त्या कुरतडलेल्या कागदांवरून आम्हा दोघांनाही अंबाजोगाई आठवली. संतकवी दासोपंतांची पासोडी तिथे जपलेली आहे. लांबलचक कापडावर लिहिलेलं पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांचं तत्त्वज्ञान. दासोपंत १५५१ ते १६१५ चे, एकनाथांचे समकालीन. एकट्या ‘गीतार्णवा’च्या ओव्या सव्वा लाख सांगतात, ‘पदार्णवा’तली पदं त्याहून वेगळी. रोज एक ढब्बू पैशाची शाई लागायची अशी आख्यायिका आहे. ब्रायन निदान बत्तिसावर थांबला. ही पदं गाण्यासाठी लिहिलेली आहेत, पण अप्पांच्या मंडळाच्या वहीत दासोपंतांचं एकही पद नाही. का नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, चाली माहीत नाहीत. मग मी म्हटलं, राफच्या चाली तरी कुणाला माहीत होत्या? कोशित्सेच्या लोकांनी कागद समोर ठेवला आणि वाजवल्या. अप्पा म्हणाले, कागदावर सूर लिहिलेला असला तर कुणीही वाजवील. आमच्याकडे नुसते शब्द आहेत, सूर पुसलेला. हे खरं होतं आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

“मग तुम्हीच लावा चाल,” मी म्हटलं. “मी फोनवर रेकॉर्ड करते.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, “पदांचं पुस्तक मिळालं तर आण. पण मोठ्या अक्षरातलं बघ.”